मुलाच्या हातून गुन्हा घडला तर: गोव्यातल्या पालकांचे, शिक्षकांचे आणि शेजाऱ्यांचे प्रश्न

अठरा वर्षांखालच्या मुलाने चोरी केली, मारामारीत कुणाचं डोकं फोडलं किंवा त्याच्या दप्तरात गांजा सापडला, की घर, शाळा, पोलीस आणि वाडा सगळेच एकदम बोलू लागतात. त्या पहिल्या काही दिवसांत मोठी माणसं कशी वागतात यावर त्या मुलाचं पुढचं बरंचसं ठरतं. इथली उत्तरं बाल न्याय कायदा २०१५, त्यातल्या २०२१ च्या दुरुस्त्या आणि २०१६ चे आदर्श नियम यांना धरून दिली आहेत. कायद्याबाहेर घराने आणि शाळेने काय करायचं, तेही सोबत आहे, कारण मुलाचा जास्त वेळ तिथेच जातो.

हल्लीची मुलं फार बिघडली आहेत, हे खरं ना?

आकडे तसं सांगत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशभरात अल्पवयीनांवर २०२१ मध्ये ३१,१७० प्रकरणं नोंदली गेली, २०२२ मध्ये ३०,५५५. २०२२ मध्ये देशात नोंदलेले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर होते. म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. ताब्यात घेतलेल्या दर चार मुलांपैकी तीनहून अधिक जण १६ ते १८ वयाचे असतात आणि बहुतेक जण आईवडिलांसोबत राहणारे असतात. ‘घरदार नसलेली, बाहेरून आलेली पोरंच असं करतात’ हा समज इथेच कोलमडतो.

यात एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसत नाही. ऐपत असलेल्या घरातल्या मुलाची चूक पुष्कळदा दुकानदाराला पैसे देऊन, दोन फोन करून तिथल्या तिथे मिटते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या मुलाची तीच चूक पोलीस स्थानकात पोचते. त्यामुळे कागदावर कोण दिसतं यावरून कोण चुकतं हे ठरवू नये.

मग चांगल्या घरातली मुलंसुद्धा असं का करतात?

पौगंडावस्थेत थरार आणि कौतुक यांची ओढ लवकर जागी होते. स्वतःला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. गाडी चालवण्याच्या खेळावर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की एकटी असताना बऱ्यापैकी जपून खेळणारी मुलं मित्र बघत असले की जास्त धोका पत्करतात. मुलांचे गुन्हे बहुधा टोळक्यात आणि फारसं न ठरवता घडतात, त्याचं एक कारण हे आहे.

यातली बहुतेक मुलं विशीत शिरता शिरता आपणहून थांबतात. पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवणारा गट लहान असतो आणि त्याच्या खुणा खूप आधी दिसतात: सात-आठ वर्षांपासूनची मारकुटी वागणूक, घरातली मारहाण, वाचता-लिहिताना येणारी आणि कुणी न ओळखलेली अडचण, लहानपणीच तुटलेली शाळा. पहिल्या गटाच्या बाबतीत मोठ्यांचं मुख्य काम म्हणजे मुलाची शाळा आणि घर तुटू न देणं. दुसऱ्या गटाला लांब पल्ल्याचे उपचार आणि शिकण्यातली मदत लागते. मारल्याने या दोघांपैकी कुणाचंच भलं होत नाही.

गोव्यात आणखी काही गोष्टींवर नजर हवी. नववीत नापास होऊन जूनमध्ये शाळेत न परतलेला मुलगा, ऑक्टोबर ते मे या हंगामात किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत काम करणारा मुलगा, आणि ज्याच्याकडे अचानक महागडा फोन आला पण पैसे कुठून आले ते घरात कुणी विचारलं नाही असा मुलगा. या तिघांच्याही मागे बहुधा एखादा मोठा माणूस असतो.

चांगली दहशत बसवली तर पुन्हा करणार नाही, नाही का?

अमेरिकेत १९७० च्या दशकात मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम मोठ्या उत्साहाने सुरू झाले. त्यांची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा आढळलं, की नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले. याची कारणं समजण्यासारखी आहेत. भीती काही दिवसांत ओसरते. ‘मी तिथे जाऊन आलो’ हे मित्रांत मिरवायला मिळतं. शिवाय ज्यांच्यापासून मुलाला लांब ठेवायचं, त्यांच्याशीच ओळख करून दिली जाते. किरकोळ चूक केलेल्या मुलाला सराईतांसोबत कोंडलं की तो त्यांच्याकडून शिकतो.

याचा अर्थ मुलाला काहीच भोगावं लागू नये असा नाही. परिणाम लगेच हवा, चूक जेवढी तेवढाच हवा आणि नुकसान भरून काढणारा हवा. चार महिन्यांनी मिळालेल्या कडक शिक्षेपेक्षा चार दिवसांत सुरू झालेली भरपाई मुलाला जास्त कळते.

पोलिसांनी मुलाला नेलं आहे. पहिल्या २४ तासांत काय करायचं?

आधी पोलीस स्थानकात जा आणि जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधारकार्ड बरोबर घ्या. तिथे बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. प्रत्येक स्थानकात असा एक अधिकारी नेमलेला असतो आणि मुलाशी बोलताना तो साध्या कपड्यांत असावा लागतो. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावंच लागतं, रविवार असो की चतुर्थी. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं.

मोफत वकिलासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. मुलांच्या मदतीचा क्रमांक १०९८, तातडीला ११२. मुलाच्या अंगावर मार दिसत असेल तर मंडळापुढे पहिल्याच हजेरीत सांगा आणि वैद्यकीय तपासणीची मागणी करा. नंतर सांगितलं तर वळ गेलेले असतात.

या वेळी सर्वांत जास्त बिघडतं ते वयाच्या बाबतीत. घाबरलेलं मूल वय चुकीचं सांगतं, कागद नसतात आणि त्याची रवानगी मोठ्यांच्या न्यायालयात होते. कायद्याने आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहायचा, तो नसेल तर पंचायतीचा वा पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवसाचं. अठरा पूर्ण झाल्यावर अटक झाली तरी हा नियम बदलत नाही आणि अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही न्यायालयात, निकालानंतरसुद्धा करता येतो. अनेक शाळांत जन्मतारीख माहीत नसली की १ जून टाकण्याची पद्धत होती. शाळेची नोंद आणि जन्मदाखला जुळत नसेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

एफआयआर होणारच का?

नाही. मुलांचे गुन्हे कायद्याने तीन गटांत घातले आहेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ: साधी चोरी, पाकीट वा साखळी हिसकावणं, साधी मारहाण. सात वर्षं किंवा त्याहून जास्त अशी किमान शिक्षा ठरलेले निर्घृण: खून, बलात्कार. मधले सगळे गंभीर: घरफोडी, जबर दुखापत, लुबाडणूक. शिक्षा मोठी आहे पण किमान शिक्षा सात वर्षं नाही, असे गुन्हेही २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर गटातच आले, म्हणून खुनाचा प्रयत्नसुद्धा त्यात मोडतो.

किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत, सोबत प्रौढ आरोपी नसेल तर, एफआयआर न करता पोलिसांनी दैनंदिन डायरीत नोंद करायची, मुलाची सामाजिक पार्श्वभूमी ठरलेल्या नमुन्यात लिहायची आणि ती मंडळाकडे पाठवायची. मुलाच्या हिताला गरज नसेल तर त्याला ताब्यातही घ्यायचं नाही. सुनावणी कधी आहे ते पालकांना कळवायचं. पोलीस स्थानकात हा नियम शांतपणे दाखवून दिला तर कित्येक मुलांची ती पहिली रात्र घरी जाते.

अमली पदार्थांच्या बाबतीत किनारपट्टीच्या पालकांनी विशेष सावध राहावं. तिथे गट ठरतो वजनावर. गांजा एक किलोपर्यंत कमी प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण. एमडीएमए या रासायनिक नशेचं मात्र अर्धा ग्रॅमपर्यंत कमी आणि १० ग्रॅमच्या वर व्यापारी. व्यापारी प्रमाणाला किमान शिक्षा १० वर्षं आहे. म्हणजे ‘ही पिशवी तेवढी पलीकडे नेऊन दे, पाचशे रुपये देतो’ असं सांगून कुणी मुलाच्या खिशात मुठीत मावणारी पुडी घातली, तर ते मूल एका फेरीत निर्घृण गुन्ह्याच्या गटात जातं. मुलाकडून असा माल वाहून घेणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्याच्या ७८ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम लावण्याची लेखी मागणी करा. ते लागलं नाही तर मूल अडकतं आणि ज्याने पाठवलं तो पुढच्या मुलाच्या शोधात मोकळा राहतो.

जामीन मिळतो का?

मुलांच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, गुन्हा कुठलाही असो आणि हमीदार असो वा नसो. नाकारायला तीनच कारणं आहेत: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. कारण लेखी द्यावं लागतं. अटी पुऱ्या न झाल्याने सात दिवसांत मूल सुटलं नाही तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं.

इथे पालकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं: ‘तो आमच्या हाताबाहेर गेलाय, तुम्हीच ठेवा.’ रागात बोललेलं असतं, पण कागदावर जातं आणि जामिनाच्या विरुद्ध उभं राहतं. त्याऐवजी सांगा: सकाळी शाळेत कोण सोडेल, दुपारी घरी कोण असेल, संध्याकाळी तो कुठे असेल. वाड्यात धोका असेल तर दुसऱ्या गावच्या मामाकडे किंवा आत्याकडे ठेवायची तयारी त्यांच्या पत्त्यासह मांडा.

मंडळापुढे नेमकं काय होतं?

एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली किमान एक महिला, असं हे मंडळ असतं. उंच व्यासपीठ, पिंजरा, गणवेशातले पोलीस हे तिथे नसावं असा दंडक आहे. सरकारी निरीक्षणगृह मेरशीला आहे, ‘अपना घर’ या नावाचं. मूल घरी सोडता येत नसेल तर चौकशीदरम्यान ते अशा गृहात राहतं, तुरुंगात नाही. पणजीचं बाल न्यायालय हे गोवा बालक कायदा २००३ खाली उभं राहिलेलं वेगळं न्यायालय आहे. ते मुख्यतः मुलांवर झालेल्या अत्याचारांचे खटले चालवतं, म्हणून समन्सवर नाव नीट वाचा.

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर ती तिथेच बंद होते. शेवटी मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला किंवा समाजसेवेला पाठवू शकतं, दंड करू शकतं, प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली घरी ठेवू शकतं, आणि इतर काही पुरणार नसेल तरच जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात.

या साऱ्याचा पाया म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा सामाजिक तपास अहवाल. तो दोन आठवड्यांत द्यायचा असतो, म्हणून घरी भेट लवकर होते आणि घाईत होते. त्या भेटीसाठी मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेचं हजेरीपत्रक, आजारपणाचे कागद आणि मुलाला ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाचं किंवा फुटबॉल प्रशिक्षकाचं पत्र तयार ठेवा. घरातली दारू, कर्ज, मारहाण, मुलाचं व्यसन लपवू नका. लपवलं की अहवालात ‘घरची परिस्थिती सर्वसाधारण’ एवढंच येतं. मग मुलाला कशाची मदत हवी हे मंडळाला कळायचा मार्ग उरत नाही आणि ते फक्त गुन्ह्याकडे पाहून निर्णय देतं. व्यसन किंवा मानसिक त्रास असेल तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात, आयपीएचबीत, दाखवल्याचे कागद जोडा. घरून बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ क्रमांक आहे.

सोळा वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांसारखी शिक्षा होते ना?

फक्त निर्घृण गुन्ह्यात, आणि तेही आपोआप नाही. मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं: गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, कोणत्या परिस्थितीत ते घडलं. मुलाने गुन्हा केला की नाही, हा या मूल्यमापनाचा विषयच नाही. तरी ‘का केलंस?’ हाच प्रश्न पुष्कळदा आधी विचारला जातो. वकिलाने तिथेच हरकत घ्यावी. मानसतज्ज्ञांची मदत घेण्याला किती महत्त्व आहे, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठासून सांगितलं आहे. एका तासाच्या बुद्ध्यांक चाचणीवर हा निर्णय होऊ शकत नाही. आदेशाविरुद्ध अपिलाला ३० दिवस असतात. खटला मोठ्यांप्रमाणे चालला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही, आणि २१ वर्षांपर्यंत मूल तुरुंगाऐवजी ‘सुरक्षित स्थळी’, म्हणजे अशा मुलांसाठीच्या वेगळ्या गृहात, राहतं.

मुलगा सतरा वर्षांचा, दुचाकीने क्लासला जातो. यात गुन्हा कसला?

तुमचा. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा असतो; रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर ११० सीसी आणि त्यावरच्या. मोटार वाहन कायद्याच्या १९९ अ कलमाखाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी तुमच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. भाड्याने दुचाक्या देणाऱ्यांनाही हे लागू आहे. अपघातात माणूस दगावला तर मुलावर गंभीर गटातलं प्रकरण उभं राहतं. किल्ली देताना हे सगळं आपण मुलाच्या अंगावर टाकतो, हे समजून घ्यावं.

मुलगा आणि मुलगी दोघंही सतरा वर्षांची, प्रेमप्रकरण. पोक्सो लागतो?

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा हा कायदा लागू शकतो. संमतीचं वय १८ आहे आणि त्याखालची संमती कायदा मानत नाही. मुलीच्या घरच्यांनी रागाच्या भरात तक्रार दिली की मुलगा निर्घृण गटात जाऊ शकतो आणि मुलीलाही तपासणी, जबाब, निवारा असं सगळं सोसावं लागतं. जबरदस्ती, फसवणूक, वयात मोठी तफावत किंवा फोटोंवरून धमकावणं असेल तर तक्रार करायलाच हवी, आणि उशीर न करता. तसं काही नसेल तर दोन्ही घरांनी तक्रारीआधी वकिलाचा आणि समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

शाळेने नाव काढून टाकावं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली आठवीपर्यंत मुलाला काढताच येत नाही. त्यापुढेही शाळा सुटणं हे पुन्हा गुन्हा घडण्याचं एक ठळक कारण आहे. दिवसाचे सहा तास रिकामे होतात आणि ते भरायला जे मित्र मिळतात तेही शाळा सुटलेलेच.

मुख्याध्यापकांनी ही माहिती दोन-तीन जणांपुरती ठेवावी. एकच शिक्षक नेमावा, जो मुलाला रोज सकाळी दोन मिनिटं भेटेल. सुनावणीच्या दिवसाची गैरहजेरी वर्गात पुकारू नये. चुकलेला अभ्यास भरून काढायचं वेळापत्रक लेखी द्यावं. ज्याला इजा झाली ते मूल त्याच वर्गात असेल तर बाक, मधली सुट्टी आणि बसची जागा बदलावी, आणि बदलताना जागा सोडायला लावायची ती इजा करणाऱ्याला.

ज्याचं नुकसान झालं, त्याच्याकडे कोण पाहणार?

हा प्रश्न मागे पडतो आणि म्हणूनच लोकांना वाटतं की बाल न्याय म्हणजे मुलाला सोडून देणं. ज्याचं दुकान फुटलं, ज्याच्या मुलाचे दात पडले, त्याला बहुधा तीन गोष्टी हव्या असतात: का केलंस याचं उत्तर, झालेली हानी भरून मिळणं आणि पुन्हा होणार नाही याची खात्री. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलांच्या प्रकरणांत दोन्ही कुटुंबांची एकत्र बैठक हाच मुख्य मार्ग केला. आपल्याकडे शाळेतली वा वाड्यातली भांडणं, तोडफोड, लहानसहान चोऱ्या यांसाठी ती पद्धत सहज वापरता येते.

आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटा. मुलाने चूक मान्य केली नसेल किंवा पीडिताची इच्छा नसेल तर बैठक घेऊच नका. लैंगिक अत्याचारात तर मुळीच नको. सहा ते आठ माणसं पुरेत. सरपंच किंवा पंच आले तर ऐकायला यावेत, निवाडा द्यायला नको. पहिल्यांदा पीडित बोलेल, मधे कुणी तोडणार नाही. मग मूल स्वतः बोलेल, आईवडील त्याच्या वतीने नाही. शेवटी करार कागदावर: किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, किती तास, कोण पाहणार. फोडलेली काच तीन हजारांची असेल तर त्यातले निदान काही पैसे मुलाच्या सुट्टीतल्या कष्टातून यावेत. सगळे बापाने दिले की मुलाला काहीच भरावं लागत नाही. काम महिना-दोन महिन्यांत संपणारं ठेवा. त्याहून लांबलं की मूल अर्ध्यात सोडतं आणि करार मोडल्याचा नवा डाग लागतो. गळ्यात पाटी, उठाबशा, माफीचा व्हिडिओ असलं काही करू नका. अपमान झालेलं मूल समोरच्याचं दुःख विसरतं आणि स्वतःचं धरून बसतं.

वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटात मुलाचा फोटो आला आहे. पुढे पाठवला तर काय होतं?

मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाखाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अमुक वाड्यातल्या पंचाचा धाकटा’ असं लिहिलं तरी ओळख पटतेच. ॲडमिनला काढायला सांगा, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि मंडळाला दाखवा.

पुढे नोकरी, बोट, पासपोर्ट यांत अडचण येईल का?

गोव्यातल्या घरांत हा प्रश्न लवकर येतो, कारण जहाजावर किंवा आखातात जायचं तर पोलिसांचा दाखला लागतो. याच कायद्याचं २४ वं कलम सांगतं, की बाल न्यायाखाली हाताळलेल्या मुलाला दोषी ठरल्यामुळे कुठलीही अपात्रता येणार नाही. अपिलाची मुदत संपली की, किंवा नियमांनुसार फार तर सात वर्षांत, नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरचा मुलगा निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणे चाललेल्या खटल्यात दोषी ठरला तर मात्र हे संरक्षण नाही. अल्पवयातल्या आरोपावरून उमेदवाराला सरकारी नोकरी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

नोंदी आपोआप नष्ट होतील असं धरून चालू नका. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घरी जपून ठेवा, मुदत संपल्यावर नोंद नष्ट करण्यासाठी मंडळाकडे अर्ज द्या, आणि दाखल्यासाठी अर्ज करण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी स्थानकातल्या डायरीत नाव शिल्लक आहे का ते वकिलामार्फत तपासून घ्या.